विरूपाक्षाची तक्रार

नाट्यकलेच्या जन्माची जी कथा नाट्यशास्त्राच्या पहिल्या अध्यायात आली आहे, तिच्याकडे पुष्कळांनी पुष्कळ अंगांनी पाहिले आहे. कोणी तीत रंगभूमीच्या रचनेचे मूळ शोधले, कोणी पूर्वरंगाचे. आम्हांला मात्र ती कथा वाचताना नेहमी वाटत आले आहे की, ही मुळात खलनायकाची कथा आहे.

ब्रह्मदेवाने चार वेदांतून एकेक अंग उचलून नाट्य हा पाचवा वेद सिद्ध केला, भरताने तो आपल्या शंभर पुत्रांना शिकविला, आणि इंद्रध्वजाच्या उत्सवात पहिला प्रयोग लागला. विषय होता देवांनी दैत्यांचा केलेला पराभव. प्रेक्षकांत देव होते, तसे दैत्यही होते. आपलीच फजिती आपल्याच डोळ्यांदेखत चाललेली, आणि शेजारी बसलेले देव वाहवा देत आहेत, हे पाहून दैत्य खवळले. विरूपाक्षाला पुढे करून विघ्नांनी नटांची वाचा, हालचाल आणि स्मरणशक्ती गोठवून टाकली. प्रयोग बंद पडला. तेव्हा इंद्राने आपल्या ध्वजाचा दांडा उचलून विघ्नांना झोडपून काढले, आणि पुढे विश्वकर्म्याने रक्षणासाठी बंदिस्त नाट्यगृह बांधून दिले.

येथपर्यंतची कथा पुष्कळांना ठाऊक असते. पण खरी मौज पुढे आहे. दांडा चालवून झाल्यावर देवांनाच वाटले की, सामोपचार करून पाहावा. ब्रह्मदेवाने दैत्यांना बोलावून त्यांच्या रागाचे कारण विचारले. विरूपाक्षाने सरळ तक्रार मांडली. तुम्ही देवांना जसे जन्माला घातले तसे आम्हांलाही घातले. मग देवांच्या हौसेखातर आमचा हा पाणउतारा का? या प्रश्नाला ब्रह्मदेवाने हुकमाचे उत्तर दिले नाही. त्याने समजूत घातली. नाट्य एकट्या देवांचे नाही आणि एकट्या दैत्यांचेही नाही. तिन्ही लोकांच्या भावांचे ते अनुकीर्तन आहे. त्यात शुभ येईल तसे अशुभही येईल.

म्हणजे आमच्या परंपरेतले पहिले बंद पडलेले नाटक खलनायकाच्या तक्रारीवरून बंद पडले, आणि रंगभूमीचा पहिला करार खलनायकाशी झाला! हा करार जेथे पाळला गेला तेथे दुष्ट पात्राने प्रेक्षकांना मोहिनी घातली. जेथे मोडला तेथे ते पात्र शेतातल्या बुजगावण्यासारखे उभे राहिले. खलनायक का आवडतो, या प्रश्नाचे उत्तर लोक सहसा मानसशास्त्रात शोधतात. आम्ही ते या कराराच्या इतिहासात शोधणार आहो.

शास्त्रकारांना हा करार फारसा मानवला नसावा. दहाव्या शतकातील धनंजयाने दशरूपकात प्रतिनायकाची लक्षणे दिली आहेत. तो लोभी, उद्धत, हटवादी, पापी आणि व्यसनी असावा, असे तो सांगतो. एवढ्या शिधासामग्रीत माणूस शिजत नाही. पण नाटककार शास्त्रकारांपेक्षा शहाणे असतात. त्रिवेंद्रम येथून गणपती शास्त्री यांनी 1912 पासून जी भासाची म्हणून नाटके प्रसिद्ध केली, त्यांतील ‘ऊरुभंग’ पाहावे. महाभारतातील सर्व पापांचा धनी जो दुर्योधन, तो येथे मांड्या मोडून पडला आहे. त्याचा लहानगा मुलगा दुर्जय नेहमीप्रमाणे बापाच्या मांडीवर बसायला येतो, आणि बापाला त्याला दूर ठेवावे लागते. द्रौपदीला जी मांडी दाखविली तीच ही मांडी! नाटककाराने दुर्योधनाचा एकही अपराध पुसलेला नाही. त्याने फक्त त्याला घर दिले, मूल दिले. एवढ्याने सगळे पारडे फिरते.

मराठी रंगभूमीवर दुष्टांची पहिली वर्दी मोठ्या गाजावाजाने लागली. 1843 साली सांगलीस विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले, आणि त्यानंतरच्या पौराणिक खेळांत राक्षसपार्टीची चंगळ उडाली. राक्षसांच्या आरोळ्यांवरूनच पुढील पिढीच्या सुशिक्षितांनी या नाटकांना ‘अललडुर्र’ असे कुत्सित नाव दिले. कुचेष्टा करणे सोपे आहे. परंतु देव गंभीरपणे उभे असत आणि रंगभूमी दणाणून सोडण्याचे काम राक्षसाकडे असे. पोरेटोरे कोणाची वाट पाहत असतील, हे सांगावयास नको. कोकणातील दशावतारात आम्ही हे स्वतः पाहिले आहे. जत्रेची रात्र, देवळासमोरचे अंगण. गणपती येऊन जातो, सरस्वती मोरावर बसून येऊन जाते, लोक हात जोडतात. आणि मग अंगभर काळा वेष केलेला संकासूर शिरतो. याने वेद चोरलेले आहेत, म्हणजे अपराध काही लहान नव्हे. पण हा गावच्या बोलीत बोलतो, सूत्रधाराची टर उडवितो, पुढच्या रांगेतल्या कोणाची तरी फिरकी घेतो. विष्णू येऊन त्याला मारतो हे सर्वांना ठाऊक असते; म्हणून तोपर्यंतचा वेळ लोक मनमुराद हसून घेतात. देवांना मान मिळाला, पण भाषा संकासुराच्या वाट्याला आली. हे वाटप आमच्या लोककलेने मोठ्या धूर्तपणे केले आहे, असे आमचे मत आहे.

भाषेच्या जोडीला दुसरी एक शक्ती खलनायकाला मिळाली ती शेक्सपिअरकडून. गोविंद बल्लाळ देवलांनी ‘ऑथेल्लो’चा ‘झुंजारराव’ केला आणि 1890 च्या सुमारास मराठी प्रेक्षकांची गाठ जाधवरावाशी पडली. जाधवराव म्हणजे मूळचा इयागो. आमच्या राक्षसांनी आपले बेत ओरडून सांगितले होते. याने ते कुजबुजून सांगितले, आणि तेही आम्हांला. झुंजाररावाला काही ठाऊक नाही, कमळजेला काही ठाऊक नाही. घरात शिजणारे कट ठाऊक आहेत ते जाधवरावाला आणि तिकीट काढून बसलेल्या आम्हांला. स्वगताची ही करामत विलक्षण आहे. गुपित ज्याने सांगितले त्याच्याशी नकळत सख्य जडते, आणि मग त्याचा डाव फसू नये अशी एक चोरटी इच्छा मनात उभी राहते. नायक आम्हांला उदात्त भाव सांगतो, पण विश्वासात घेतो तो खलनायकच.

गडकऱ्यांच्या तळीरामाने ही दोन्ही हत्यारे एकाच हाती घेतली. ‘एकच प्याला’ गडकऱ्यांच्या मृत्यूनंतर 1919 साली गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यास रंगभूमीवर आणले. बालगंधर्वांची सिंधू आणि गणपतराव बोडसांचा सुधाकर यांविषयी इतके लिहिले गेले आहे की आम्ही त्यात भर घालीत नाही. आमचा प्रश्न तळीरामाचा आहे. हा सुधाकराचा कारकून. न्यायालयात मुन्सफाशी खटका उडून सुधाकराची सनद काही काळ रद्द होते, आणि अपमानाने तळमळणाऱ्या त्या बुद्धिमान माणसापुढे हा पहिला प्याला धरतो. त्या एका प्याल्यातून पुढे पोराचा जीव जातो, सिंधू जाते, सुधाकर जातो. सर्व अनर्थाचे मूळ हा माणूस. आणि नाट्यगृहात सर्वांत जास्त हशा कोणाला मिळतो? तळीरामाला! आर्य मदिरा मंडळाच्या प्रवेशात दारूच्या समर्थनार्थ जी कोटिक्रमांची आतषबाजी होते तिच्यापुढे रामलालचा उपदेश फिका पडतो. दारूबंदीच्या कैवाऱ्यांना ही गोष्ट नेहमी खटकली असणार.

आम्हांला वाटते, गडकऱ्यांनी हे चुकून केलेले नाही. दारू जर पहिल्याच अंकात कुरूप दिसली असती, तर सुधाकरासारखा माणूस तिच्याजवळ गेलाच नसता. मोहाचे नाटक लिहावयाचे तर मोह प्रेक्षकांना पडला पाहिजे. आणि बुद्धिमान प्रेक्षकाला मोह पाडावयाचा तर तो बुद्धीच्याच वाटेने पाडला पाहिजे. म्हणून गडकऱ्यांनी आपल्या विनोदाची उत्तम शस्त्रे तळीरामाच्या हवाली केली. आम्ही हसतो, म्हणजे पहिला प्याला आम्ही घेतलेला असतो. पुढे हाच तळीराम अंथरुणाला खिळतो आणि त्याच्या उशाशी वैद्य व डॉक्टर भांडतात. तोही प्रवेश विनोदीच आहे. मात्र यावेळी हसताना घसा थोडा कोरडा पडतो.

विरूपाक्षाची तक्रार पुन्हा दाखल झाली ती एकोणिसाव्या शतकात झालेल्या कायद्याच्या आधारे, विसाव्या शतकात. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर हे टिळकांच्या ‘केसरी’तले. त्यांचे ‘कीचकवध’ 1907 साली महाराष्ट्र नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. कथा विराटपर्वातली. अज्ञातवासात दासी म्हणून राहिलेली सैरंध्री, तिच्यावर डोळा ठेवणारा सेनापती कीचक, संयमाचा उपदेश करणारा धर्मराज आणि दात-ओठ खाणारा भीम. इंग्रज हा शब्द नाटकात नाही, पण कीचक म्हणजे 1899 ते 1905 या काळात व्हाइसरॉय असलेले लॉर्ड कर्झन, सैरंध्री म्हणजे हिंदभूमी, धर्मराज मवाळ आणि भीम जहाल, हे पहिल्या रांगेपासून पिटापर्यंत सर्वांना उमगत होते.

खाडिलकरांचे सामर्थ्य त्यांनी कीचकाला नुसता विषयलंपट केले नाही यात आहे. त्यांचा कीचक आपल्या हक्काविषयी निःशंक आहे. राज्य माझ्या मनगटावर उभे आहे, राजा माझ्या आधाराने जगतो. मग या राज्यातली एक दासी मला हवी असताना आड येणारा न्याय कोणता, अशी त्याची विचारसरणी. त्या भूमिकेला डौल आहे, तर्क आहे, राज्यकर्त्याचा दिमाख आहे. एखादा ओरडणारा राक्षस असता तर कर्झनसाहेबांशी त्याचे साम्य कोणाला दिसले असते? कीचक देखणा होता म्हणूनच तो ओळखू आला.

1910 साली सरकारने नाट्यप्रयोगांविषयीच्या 1876 च्या कायद्याने या नाटकावर बंदी घातली. टिळक त्यावेळी मंडालेच्या तुरुंगात होते. त्याच वर्षी व्हॅलेंटाइन चिरोल यांनी आपल्या हिंदी असंतोषावरील पुस्तकात या नाटकाचा अर्थ इंग्रजी वाचकांना उलगडून दाखविला. यातला विनोद सरकारच्या लक्षात आला नसावा. महाभारतातल्या एका लंपट सेनापतीवरचे नाटक बंद करावयाचे, तर त्या सेनापतीत आपला चेहरा दिसतो हे आधी कबूल करावे लागते. ते कबूल करून सरकारने विरूपाक्षाच्या रांगेत जागा घेतली. फरक एवढाच की, विरूपाक्षाच्या हाती काही दांडा नव्हता. येथे तक्रार आणि दांडा दोन्ही एकाच हातात होती.

परकीयाने अशी तक्रार केली की आम्हांला हसू येते. 1972 साली हसणे कठीण झाले. त्या वर्षाच्या डिसेंबरात पुण्यास भरत नाट्य मंदिरात विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ लागले. दिग्दर्शन जब्बार पटेल, संगीत भास्कर चंदावरकर. घाशीराम हा इतिहासातला माणूस. पुण्याच्या कोतवालीवर असताना त्याच्या कोठडीत ब्राह्मण गुदमरून मेले, आणि 1791 साली खवळलेल्या लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारले. नावावरून हाच नाटकाचा खलनायक वाटावा. पण जिवंत मोहिनी ज्याच्याकडे आहे तो नाना फडणवीस! मोहन आगाशे, व्यवसायाने मनोविकारतज्ज्ञ, यांनी तो केला. तो नाचतो, रसिकपणे बोलतो, घाशीरामाकडून त्याची मुलगी घेतो आणि कोतवाली देतो, आणि उपयोग संपला की त्याला जमावाच्या स्वाधीन करतो. यावर मोठे वादळ उठले. पेशवाईच्या उत्तरकाळातल्या कर्तबगार मुत्सद्द्याची ही विटंबना, असा आक्षेप होता. मूळ संस्थेने 19 प्रयोगांनंतर नाटक थांबविले. मग कलावंतांनी थिएटर अ‍ॅकॅडमी ही नवी संस्था काढून 1974 साली ते पुन्हा उभे केले. 1980 च्या परदेश दौऱ्याच्या वेळी वाद पुन्हा पेटला.

आक्षेप घेणाऱ्यांची आम्ही टवाळी करणार नाही. नानांची राजनीती पानिपतानंतरच्या मराठी राज्याला सावरून धरणाऱ्या गोष्टींपैकी एक होती, आणि नाटकातला नाना म्हणजे तो नाना नव्हे, हे खरेच आहे. पण तक्रारीची भाषा ऐकावी: आमच्या माणसाला असे का दाखविले? हा विरूपाक्षाचाच प्रश्न, शब्दाशब्दाने. 1910 साली कीचकाच्या बंदीने ज्यांच्या आजोबांचे रक्त तापले, त्यांच्याच घरांतून तो 1972 साली ऐकू आला.

त्यानंतर तीनच वर्षांनी, 1975 साली, तेंडुलकर आणि जब्बार पटेल या जोडीने ‘सामना’ हा चित्रपट केला, आणि नाना वाड्यातून निघून साखर कारखान्यावर आला. निळू फुले यांचा हिंदुराव धोंडे पाटील दारुड्या मास्तरला घरी आणतो, त्याची बडदास्त ठेवतो, त्याच्याशी अदबीने बोलतो. मारुती कांबळे नावाच्या एका माणसाचे काय झाले, एवढाच मास्तरचा प्रश्न आहे; आणि तो ऐकताना हिंदुरावाच्या चेहऱ्यावरचे आदरातिथ्य हलत नाही. निळूभाऊ स्वतः राष्ट्र सेवा दलात घडलेले, सामाजिक चळवळींत वावरलेले. गावोगावच्या बायका त्यांना पडद्यावर पाहून शिव्याशाप देत, असे सांगतात. त्याच बायका पुढचा चित्रपट लागला की पुन्हा रांगेत उभ्या राहत, आणि हिंदुरावाचा एखादा धाकटा भाऊ बहुतेक त्यांच्या गावच्या चावडीतही बसलेला असे.

‘घाशीराम’च्या शेवटच्या प्रवेशाकडे वळून थांबतो. कोतवाल मेला आहे. नाना पुढे येतो, जमावाला शाबासकी देतो आणि उत्सवाचा हुकूम सोडतो. इतका वेळ भिंतीसारखी उभी राहिलेली ब्राह्मणांची रांग पुन्हा डोलू लागते, मृदंग वाजतो, नाना तीत मिसळून जातो. आम्ही हा प्रयोग पाहिला तेव्हा आमच्या मागच्या रांगेत कोणीतरी रागाने काही पुटपुटत होते. ताल मात्र तेही गृहस्थ पायाने धरीत होते, आणि आम्हीही.