हात देणाऱ्यांचे शिक्षण

कायदा संमत झाला आणि तिजोरीतून पैसा सुटला म्हणजे लोककल्याणाचे काम मार्गी लागले, अशी समजूत सर्वच देशांत आढळते. परंतु कायदा आणि गरजवंत यांच्यामध्ये एक टेबल असते आणि त्या टेबलापलीकडे सरकारचा एक कर्मचारी बसलेला असतो. तो जाणता असेल तर कायदा फळाला येतो. तो अजाण असेल तर तोच कायदा गरजवंताला दारातून परत पाठविण्याचे साधन होतो. अपंगांना व्यवसायशिक्षण देऊन स्वावलंबी करण्याची जी सरकारी व्यवस्था विसाव्या शतकात अमेरिकेत उभी राहिली, तिच्या इतिहासात ही गोष्ट फार स्पष्टपणे दिसून येते.

ह्या व्यवस्थेचा उगम पहिल्या महायुद्धात आहे. युद्धातून अपंग होऊन परतलेल्या सैनिकांसाठी १९१८ साली तेथे एक कायदा झाला. परंतु हातपाय काही केवळ रणांगणावरच तुटत नव्हते. कारखाने, खाणी आणि रेल्वेमार्ग हीही त्या काळी रणांगणेच होती. म्हणून २ जून १९२० रोजी अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी नागरी अपंगांसाठी केलेल्या स्मिथ-फेस कायद्यावर सही केली. खर्चाचा निम्मा वाटा केंद्राने व निम्मा राज्याने उचलावा असे ठरले, आणि पहिल्या वर्षासाठी केंद्राने साडेसात लाख डॉलर मंजूर केले.

हे काम व्यवसायशिक्षणाच्या केंद्रीय मंडळाकडे सोपविण्यात आले. साहजिकच पहिल्या पिढीतील पुष्कळसे कार्यकर्ते धंदेशिक्षणाच्या क्षेत्रातून आले. लेथ कसा चालवावा, हिशेबाची वही कशी लिहावी, हे त्यांना उत्तम ठाऊक होते. परंतु अपंगत्वामुळे शरीराच्या कोणत्या शक्ती जातात आणि कोणत्या उरतात, किंवा उजवा हात गमावलेल्या कुटुंबप्रमुखाच्या मनात काय चाललेले असते, हे त्यांना कोणी शिकविले नव्हते. यात त्यांचा दोष नव्हता. असे शिक्षण देणारी शाळाच अस्तित्वात नव्हती. कामाचे क्षेत्र मर्यादित होते तोवर व्यवहारज्ञान आणि सहृदयता यांवर निभावून गेले.

दुसऱ्या महायुद्धात हे चित्र बदलले. तरुण सैन्यात गेले, कारखान्यांना माणसे हवी होती, आणि १९४३ च्या बार्डेन-ला फॉलेट कायद्याने या सेवेची कक्षा एकदम रुंदावली. शस्त्रक्रिया व औषधोपचार यांचा खर्च त्यात आला. मनोरुग्ण आणि मतिमंद व्यक्तींनाही दार उघडले. आता त्याच कर्मचाऱ्याला शल्यविशारदाचा अहवाल वाचावयाचा होता, मनोरुग्णाच्या कुटुंबीयांशी बोलावयाचे होते आणि साशंक कारखानदाराचे मन वळवावयाचे होते. विधिमंडळाने एका ठरावानिशी काम कित्येक पटींनी वाढविले. काम करणारा मात्र होता तसाच राहिला.

ही उणीव ज्या व्यक्तीने नेमकी हेरली ती डॉक्टर नव्हती आणि अध्यापकही नव्हती. मेरी स्वित्झर ही सरकारी सेवेत वाढलेली बाई. १९०० साली मॅसॅच्युसेट्समध्ये जन्मलेल्या मेरीबाईंनी आपली नोकरी अर्थखात्यातून सुरू केली आणि १९५० साली त्या व्यावसायिक पुनर्वसनाच्या केंद्रीय कार्यालयाच्या संचालिका झाल्या. त्या वेळी वर्षाकाठी साठ हजारांच्या आसपास अपंग कामधंद्याला लागत. गरजवंतांची संख्या मात्र लाखांनी मोजावी लागे. १९५४ च्या जानेवारीत अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १९५९ पर्यंत हा आकडा दोन लाखांवर नेण्याचे उद्दिष्ट काँग्रेसपुढे ठेवले. उद्दिष्ट जाहीर करणे सोपे होते. ते पार पाडण्यासाठी शिकलेली माणसे कोठून आणावयाची, हा खरा प्रश्न होता.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये झालेल्या कायद्याने त्याचे उत्तर दिले. अपंगांसाठी मिळणाऱ्या निधीबरोबरच, अपंगांची सेवा करणाऱ्यांना घडविण्यासाठीही केंद्राने पैसा द्यावा, असे त्यात ठरले. विद्यापीठांना अनुदाने मिळाली, विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या मिळाल्या, आणि पुनर्वसन-सल्लागार हा एक नवा व्यवसाय उदयास आला. साधारणतः दोन वर्षांच्या या पदव्युत्तर अभ्यासक्रमात अपंगत्वाची वैद्यकीय बाजू, मानसशास्त्र, मुलाखतीचे तंत्र आणि निरनिराळ्या धंद्यांची माहिती यांचा समावेश असे. शेवटी अनुभवी सल्लागाराच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष काम करावे लागे. आधीपासून नोकरीत असलेल्यांसाठी अल्पमुदतीची शिबिरे भरू लागली. तरीही माणसे एका रात्रीत घडत नाहीत. दोन लाखांचा टप्पा ओलांडावयास १९५९ नव्हे, तर १९६८ साल उजाडावे लागले.

नव्या व्यवसायाबरोबर नवा वादही आला. या माणसाने अपंगाच्या मनाशी संवाद साधावयाचा, की डॉक्टर, शाळा आणि कारखाना यांची सांगड घालून द्यावयाची? विद्यापीठे पहिल्या बाजूकडे झुकत. दरमहा किती प्रकरणे निकालात निघाली हे मोजणारी कचेरी दुसऱ्या बाजूकडे ओढी. पदवी घेऊन आलेल्या तरुणाला फाइलींचा ढीग पाहून आपले शिक्षण वाया गेलेसे वाटे, तर वीस वर्षांच्या अनुभवी कर्मचाऱ्याला हा पोरगा आपल्याला काय शिकविणार असे वाटे. दोघांचेही थोडे थोडे खरे होते.

परंतु केवळ पदवीने आणि केवळ अनुभवाने भागत नाही, हे दाखवून दिले ते टेबलाच्या अलीकडे बसणाऱ्या एका तरुणाने. एड रॉबर्ट्स याला चौदाव्या वर्षी पोलिओ झाला आणि मानेखालचे शरीर जवळजवळ निश्चल झाले. रात्री त्याला लोखंडी फुप्फुसात निजावे लागे. उच्च शिक्षणासाठी त्याने कॅलिफोर्नियाच्या पुनर्वसन खात्याकडे साहाय्य मागितले, तेव्हा सल्लागाराने निर्णय दिला की, हा इतका अपंग आहे की तो कधीही नोकरी करू शकणार नाही. सबब त्याच्यावर खर्च करणे व्यर्थ होय. वृत्तपत्रांतून बोभाटा झाला, निर्णय फिरवावा लागला, आणि १९६२ साली रॉबर्ट्स बर्कलेच्या विद्यापीठात दाखल झाला. पुढे १९७५ साली राज्यपाल जेरी ब्राउन यांनी त्याच पुनर्वसन खात्याचे संचालक म्हणून ज्याची नेमणूक केली, तो हाच एड रॉबर्ट्स! ज्याला खात्याने नोकरीस अपात्र ठरविले, त्याच्याच हाती खात्याचा कारभार आला.

ही घटना म्हणजे निव्वळ दैवाचा खेळ नव्हे. त्या सल्लागाराने बहुधा नियमास धरूनच निर्णय दिला असेल. पण समोरच्या माणसाला काय हवे आहे, हे त्याच्याच तोंडून ऐकून घेणे हा शिक्षणाचा भाग अद्याप झालेला नव्हता. तो १९७३ च्या कायद्याने झाला. तीव्र अपंगत्व असणाऱ्यांना अग्रक्रम मिळाला, आणि पुनर्वसनाची लेखी योजना सल्लागाराने एकट्याने न आखता त्या व्यक्तीच्या सहभागाने आखावी, असे बंधन आले. त्यानंतर सल्लागारांची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची पद्धत रूढ झाली. १९९२ च्या दुरुस्तीने प्रत्येक राज्याला आपल्या कर्मचाऱ्यांच्या पात्रतेचा आणि सततच्या शिक्षणाचा आराखडा ठेवणे भाग पाडले. २०१४ साली मात्र ही अट सैल झाली. पदवी आणि संबंधित कामाचा अनुभव असणाऱ्यांनाही प्रवेश मिळाला. पदवी थोर की अनुभव, हा जुना वाद असा अजूनही धुमसतो आहे.

भारतानेही हा प्रश्न आपल्या परीने हाताळला आहे. मुंबईत हाजीअलीजवळ १९५५ साली भौतिक चिकित्सा व पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था स्थापन झाली, आणि १९६८ साली मुंबई व हैदराबाद येथे अपंगांसाठी व्यावसायिक पुनर्वसन केंद्रे निघाली. १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्याने या क्षेत्रातील कर्मचाऱ्यांच्या शिक्षणाचे मान ठरविण्याचा आणि त्यांची नोंदणी ठेवण्याचा अधिकार एका परिषदेला दिला. त्या कायद्याने मानलेल्या व्यावसायिकांत अपंगांचे व्यवसाय-सल्लागार आणि त्यांना नोकरी मिळवून देणारे अधिकारी यांचाही समावेश आहे. येथेही कायदा आधी आला आणि शिक्षण त्याच्या मागून चालत आले.

तेव्हा अपंगाला हात देणाऱ्याला तीन विद्या शिकाव्या लागतात, असे हा इतिहास सांगतो. पहिली धंद्याची, दुसरी शरीर आणि मन यांची. पहिल्या दोन्ही विद्या पाठशाळेत मिळू शकतात. तिसरी विद्या, म्हणजे आपल्या निर्णयाची मर्यादा ओळखण्याची, समोर बसलेला माणूसच शिकवितो. मात्र त्याच्याकडून शिकण्याची तयारी असावी लागते.