झाकलेला रकाना

न्यायालयात साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहिला म्हणजे जबानीच्या आरंभीच त्याचे नाव, वय, धंदा व राहण्याचे ठिकाण लिहून घेतात. अमेरिकेत २ फेब्रुवारी १९५० रोजी सी.बी.एस. दूरचित्रवाणीवर सुरू झालेल्या ‘व्हॉट्स माय लाइन?’ या कार्यक्रमाने यांतील धंद्याचा रकाना तेवढा झाकून ठेवला आणि साडेसतरा वर्षे लोकांस रिझविले.

पाहुणा फळ्यावर सही करी. त्याचा धंदा प्रेक्षकांस पडद्यावर दिसे. समोरच्या चौघा नामवंतांनी मात्र तो प्रश्न विचारून हुडकावयाचा. उत्तर केवळ ‘होय’ किंवा ‘नाही’. दर नकारामागे पाहुण्यास पाच डॉलर; दहा नकार झाले की पन्नास डॉलर व खेळ संपला. सूत्रधार जॉन डाली. मंडळात पत्रकार डोरोथी किलगॅलन, अभिनेत्री अर्लीन फ्रान्सिस व प्रकाशक बेनेट सर्फ ही नेहमीची मंडळी. आम्ही वकीलही उलटतपासणीत असेच प्रश्न विचारतो. परंतु उत्तर आधी ठाऊक नसेल, तर शहाणा वकील गप्प बसतो!

१९५१ मध्ये बी.बी.सी.नेही हा खेळ उचलला. तेथे आलेला एक कारागीर फार गाजला. चिनी मातीची भांडी ज्या मातीच्या पेट्यांत ठेवून भाजतात, त्या पेट्यांचे तळ ठोकून तयार करणे हा त्याचा धंदा. अमेरिकेतील मालिकेच्या दुसऱ्या पर्वात, १९७३ साली, जिमी कार्टर येऊन बसले. ते जॉर्जिया राज्याचे गव्हर्नर; पण चेहऱ्यावरून ते मंडळास ओळखू आले नाहीत. पुढे तीनच वर्षांनी ते अध्यक्षपदी निवडून आले.

नावावरून अथवा चेहऱ्यावरून धंदा कळू नये, या एका गोष्टीवर सारा खेळ उभा होता. सुरतेत तो मांडला असता, तर सहीनेच घात केला असता. जरीवाला, रेशमवाला, कापडिया, घीवाला! आपल्या सारस्वतांची ‘कर’ लागणारी आडनावे गाव सांगतात, पोतदार-चिटणीस ही जुना हुद्दा सांगतात. सुरतेचे आडनाव थेट दुकानात नेऊन उभे करते. आपल्या देशात धंदा विचारणे हे पुष्कळदा जात विचारण्याचेच सभ्य रूप होते, आणि आडनावाने तोही प्रश्न विचारावयाचे कारण ठेवले नाही. बापाचा धंदा तोच मुलाचा, असे जेथे गृहीत धरले जाते, तेथे ओळखावयाचे ते काय उरणार?

तथापि आडनाव हा काही पुरावा नव्हे. सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची कांब उत्तरोत्तर बारीक होत जाणाऱ्या छिद्रांतून ओढावयाची, तार चपटी करावयाची, मग ती रेशमी धाग्यावर गुंडाळावयाची, अशी अस्सल जर. पैठणीच्या पदरावर आणि देवाच्या वस्त्रांवर झळकणाऱ्या त्या जरीमागे कित्येक हात राबतात. ते सगळेच हात जरीवाल्यांचे नसतात.

आणि सगळे जरीवाले जरीत नसतात. हरिहर जेठालाल जरीवाला हा १९३८ साली सुरतेत जन्मला, संजीवकुमार या नावाने चित्रपटांत गेला आणि १९७४ च्या ‘नया दिन नई रात’ मध्ये एकटा नऊ भूमिका करून गेला. प्रसिद्धीपूर्वी तो फळ्यापाशी येऊन आपले खरे नाव लिहिता, तर मंडळाने बहुधा प्रथम हेच विचारले असते, “आपला जरीशी संबंध आहे काय?” आणि पहिले पाच डॉलर तेथेच त्याच्या खिशात पडले असते.