फोटोचे वय सांगणारे कपडे

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरची ट्रंक उघडली, की तळाशी पिवळट पडलेले एक-दोन फोटो हमखास सापडतात. मागे ना नाव, ना तारीख. ओळख पटवू शकणारी आजीही हयात नसते. अशा वेळी फोटोतील माणसांचे कपडे साक्षीला येतात. मात्र ती साक्ष जपून घ्यावी लागते.

सर्वांत नवी वस्तू शोधा

फोटोचा काळ त्यातील सर्वांत जुन्या नव्हे, तर सर्वांत नव्या वस्तूवरून ठरवावा. वडीलधारी माणसे तरुणपणीचा पोशाख आयुष्यभर सोडत नाहीत. म्हणून नजर प्रथम तरुणांकडे आणि मुलांकडे वळवावी.

डोक्यावर काय आहे?

पगडी आणि उपरणे हा एकोणिसाव्या शतकातील पांढरपेशा पुरुषांचा रूढ वेश. लोकमान्य टिळकांच्या डोक्यावर तो अखेरपर्यंत, म्हणजे १९२० पर्यंत दिसतो. पुढच्या पिढीने पगडी उतरवून टोपी घातली. १९२०-२१ च्या असहकार चळवळीत गांधी टोपीचा प्रसार झाला. ती फोटोत असेल, तर फोटो त्याआधीचा असण्याची शक्यता फारशी नाही. नंतरचा मात्र कितीही असू शकतो.

लुगडे आणि पोलके

केवळ नऊवारीवरून काळ ठरत नाही, पोलके पाहावे. लेस लावलेल्या फुगीर बाह्या साधारणपणे एकोणिसावे शतक सरताना आणि विसावे उजाडताना दिसतात. शहरांतील शिकलेल्या स्त्रियांत पाचवारी १९३० नंतरच्या दशकांत रुळू लागली. नायलॉनचा शोध १९३८ मध्ये जाहीर झाला. तेव्हा नायलॉनची झिरझिरीत साडी त्यापूर्वीची असूच शकत नाही. टेरिलीन-टेरिकॉटचे शर्ट साठच्या दशकाकडे, तर बेलबॉटम आणि रुंद कॉलर सत्तरच्या दशकाकडे बोट दाखवतात.

येथे फसगत होते

लग्नाच्या फोटोत वधूचा शालू आईचा किंवा सासूचाही असू शकतो. त्यापेक्षा वऱ्हाडी मंडळींचे कपडे पाहावेत. स्टुडिओत अंगावर चढवलेला कोटही उसना असू शकतो. कपाळी कुंकू नसलेली, आलवण नेसलेली स्त्री दिसली, तर फोटो तिच्या पतीच्या निधनानंतरचा, हे जवळपास निश्चित. ते वर्ष घरात कोणाला ठाऊक असेल, तर काळाची एक बाजू पक्की होते.

प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. समजा, पणजोबांची दोन लग्ने झाली आणि पहिली पत्नी १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत गेली. फोटोत त्यांच्याशेजारी बसलेली स्त्री कोण? मागे उभ्या तरुणाच्या डोक्यावर गांधी टोपी असेल, तर ती बहुधा दुसरी पत्नी. वर्षानुवर्षे हार घातला जाणारा चेहरा भलत्याच नावाचा असू नये, यासाठी एवढी तपासणी करायला हवी.

काळाचा अंदाज बांधला, की घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीला फोटो दाखवावा. 'हे कोण?' असे विचारण्याऐवजी 'हा कोट कोणाचा?' असे विचारल्यास आठवणी लवकर जाग्या होतात. मिळालेली नावे फोटोच्या मागे मऊ पेन्सिलने, हलक्या हाताने लिहावीत. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. आणि वर्ष अंदाजाचे असेल, तर त्यापुढे 'सुमारे' हा शब्द जरूर लिहावा.