शिवलेली होडी

आमच्या डोंबिवलीच्या घराच्या गच्चीवर गेले तीन महिने एक कयाक तयार होते आहे. कयाक म्हणजे बसून, दोन पात्यांच्या वल्ह्याने चालवायची निमुळती होडी. शेजारच्या मुलाने विचारले, "काका, हिला खिळे कुठे आहेत?" खिळे नाहीतच. प्लायवुडच्या पट्ट्या कापायच्या, कडांना भोके पाडायची आणि तांब्याच्या तारेने त्या चक्क शिवायच्या.

असेच नवल सातशे वर्षांपूर्वी एका प्रवाशाला वाटले होते. ओडोरिक हा इटालियन ख्रिस्ती साधू १३२१-२२ च्या सुमारास होर्मुझहून निघाला आणि २८ दिवसांनी ठाण्याला उतरला. आपल्या जहाजात लोखंड मुळीच आढळले नाही, ते नुसते दोऱ्याने शिवलेले होते, असे त्याने नोंदवले आहे.

खिळे का नव्हते? समुद्रातले चुंबकाचे डोंगर खिळे ओढून घेतात, अशी एक कथा तेव्हा प्रचलित होती. ती कथाच. लोखंड येत नव्हते म्हणावे, तर भारतीय पोलाद तेव्हा परदेशात नावाजलेले होते. मग हे अज्ञान नव्हे. कारण पदार्थांच्या गुणधर्मांत शोधायला हवे.

खिळ्याभोवती लाकडावर ताण एकवटतो, शिवाय खाऱ्या पाण्यात लोखंड गंजते. नारळाच्या काथ्याचा सुंभ खाऱ्या पाण्यात बराच टिकतो. टाके कडेभर असल्याने ताण विभागला जातो. होडी वाळूवर आदळली तर सांधा किंचित हलतो, फळी तडकत नाही.

पण हलणारा सांधा गळतोही. त्याच काळात ठाण्यात असलेला जॉर्डानस लिहितो की अशा जहाजांवर माणसांना जवळजवळ सतत पाण्यात उभे राहून ते उपसावे लागे. मार्को पोलोने तर होर्मुझची शिवलेली जहाजे धोक्याची ठरवली. तेव्हा जुने ते सारे उत्तम, असेही म्हणून चालणार नाही.

गंमत अशी की मूळ कयाकही शिवलेलीच. उत्तर ध्रुवाजवळचे इन्युइट लोक लाकडाच्या वा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे शिवत. सुई कातड्याच्या आरपार जाऊ न देता ते टाका घेत. भोकच नाही, तर पाणी शिरणार कुठून?

प्लायवुड शिवण्याची आजची रीत इंग्लंडमधील सुतारकामाचे शिक्षक केन लिटलडाइक यांनी कयाकसाठी वापरली. १९६३ मध्ये 'मिरर' या शिडाच्या छोट्या होडीने ती घरोघरी पोचवली. येथे तार मात्र पाहुणी असते. सांध्यावर काचतंतूंची पट्टी आणि राळ बसवली, राळ कडक झाली, की तार काढली तरी चालते. ताण कडेभर विभागला जातो, तसा सुंभानेही जात असे. सांधा हलत नाही, म्हणून गळत नाही.

हे वर्गात करून पाहता येईल. जाड पुठ्ठ्याचे पानाच्या आकाराचे चार तुकडे कापा. दोन तुकडे एका वक्र कडेने दोऱ्याने शिवा, दोन तशाच कडेने चिकटवा. सपाट तुकडे उघडताच होडीचा बाक घेतात आणि ताठ होतात. मेण चोळून दोन्ही होड्या पाण्यात सोडा, मग पिळून पाहा. कोणती आधी गळते आणि कोणती आधी फाटते, याचे उत्तर मुलांनाच शोधू द्या.

शेजारच्या त्या मुलालाही मी उत्तर दिले नाही. सुई-दोरा दिला.