विंडोज, अँड्रॉइड, ॲपल, लिनक्स : कोणाचा वापर किती, अन् सुरक्षित कोण?

१४ ऑक्टोबर २०२५ नंतर मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा अपडेट बंद केली. कॉम्प्युटर त्या दिवशी बंद पडले नाहीत, स्क्रीनवर काही बदललं नाही, म्हणून बऱ्याच घरांत ही गोष्ट लक्षातही आली नाही. नंतर हळूहळू पालक विचारायला लागले. "सर, पोराचा लॅपटॉप अजून चांगला चालतो, पण विंडोज ११ टाकता येत नाही म्हणतात. आता काय, भंगारात घालायचा?" दुसरे म्हणतात, "लिनक्सला व्हायरस लागत नाही असं ऐकलंय, खरं का?" अन् तिसरा प्रश्न तर कन्हेरीपासून बारामतीच्या मोबाईल दुकानापर्यंत कुठेही ऐकू येतो : "आयफोन घेतला की बँकेतले पैसे सेफ ना?"

तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ऑपरेटिंग सिस्टिम. साध्या भाषेत, ती यंत्राची कारभारी असते. कोणत्या ॲपला कॅमेरा द्यायचा, कोणाला एसएमएस वाचू द्यायचा, कोणती फाइल उघडायची, हे तीच ठरवते. तिच्यात चूक राहिली की त्या फटीतून चोर आत येतो, अन् कंपनी ती फट बुजवण्यासाठी जे पाठवते तेच सुरक्षा अपडेट. म्हणून "कोणती सिस्टिम सर्वांत सुरक्षित" असं विचारण्यापेक्षा "माझ्या हातातल्या यंत्राला आजही अपडेट येतं का" हे आधी बघावं, असं आम्हाला वाटतं.

वापर कोणाचा किती?

याचे आकडे बहुतेक ठिकाणी स्टॅटकाउंटर या संस्थेचे दिले जातात. ही संस्था विकलेली यंत्रं मोजत नाही, वेबसाइटवर कोणत्या सिस्टिमवरून लोक आले ते मोजते. त्यामुळे आकडा दर महिन्याला थोडा हलतो. तो अंदाज म्हणून घ्यावा. या मोजणीत जगभरच्या डेस्कटॉप-लॅपटॉपमध्ये साधारण ७० टक्के विंडोज आहे. ॲपलचं मॅक त्याच्या बरंच मागे. लिनक्सने फेब्रुवारी २०२४ मध्ये पहिल्यांदा ४ टक्क्यांचा टप्पा ओलांडला. भारतात मात्र २०२४ मध्ये लिनक्सचा वाटा दोन आकडी दिसत होता, म्हणजे जगाच्या सरासरीपेक्षा कितीतरी जास्त.

मोबाईलचं चित्र अगदी वेगळं आहे. भारतात शंभरातले ९५ च्या आसपास फोन अँड्रॉइडवर चालतात, उरलेले बहुतेक आयफोन. जगात आयफोनचा वाटा चौथ्या हिश्श्याहून थोडा जास्त आहे. आता गंमत बघा : अँड्रॉइडचा गाभा लिनक्सचाच आहे. म्हणजे "लिनक्स आपल्याला काय माहीत?" म्हणणारी अम्मी सकाळी उठून लिनक्सवरच व्हॉट्सॲप बघते. जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांची यादी निघते, त्यातले सगळेच्या सगळे नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर आहेत. पुण्याच्या सी-डॅकचा परम सिद्धी-एआय नोव्हेंबर २०२० च्या त्या यादीत ६३ व्या क्रमांकावर होता.

गर्दी तिथे खिसेकापू

उरुसात पाकीटमार कुठे फिरतो? जिथे गर्दी जास्त तिथे. विंडोजवर सर्वाधिक व्हायरस निघाले त्याचं एक मोठं कारण हेच. एक व्हायरस लिहिला की जगातले बहुतेक कॉम्प्युटर टप्प्यात. यातून आपल्या पुण्यात एक मोठा धंदाही उभा राहिला. सातारा जिल्ह्यातून आलेले कैलास काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता कॉम्प्युटर दुरुस्तीकडे वळले, धाकटे भाऊ संजय यांनी व्हायरस काढणारा प्रोग्रॅम लिहिला, अन् त्यातून क्विक हील ही कंपनी झाली. २०१६ मध्ये ती शेअर बाजारात आली.

पण गर्दी हे एकच कारण धरलं तर हिशेब चुकतो. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाचा व्हायरस सुटला. दीडशेच्या आसपास देशांत दोन लाखांहून अधिक कॉम्प्युटरमधल्या फाइलींना त्याने कुलूप लावलं अन् खंडणी मागितली. आंध्र प्रदेश पोलिसांचे काही कॉम्प्युटरही त्यात सापडले. ज्या फटीतून तो शिरला, ती बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच, म्हणजे दोन महिने आधी दिलेलं होतं. बाधित झालेल्यांत बहुतेक विंडोज ७ वाले होते. औषध घरात होतं, घेतलं नव्हतं.

त्याच वर्षी २७ जूनला नॉटपेट्या आला, अन् त्याचा फटका थेट आपल्या महाराष्ट्राला बसला. न्हावा शेवाच्या जेएनपीटी बंदरातलं एक टर्मिनल मर्स्क या शिपिंग कंपनीच्या समूहाकडे आहे. मर्स्कचे कॉम्प्युटर जगभर बंद पडले तसं इथलंही कामकाज ठप्प झालं अन् कंटेनर अडकले. बारामती-इंदापूरची द्राक्षं, डाळिंबं, केळी परदेशी निघतात ती बहुतेक याच बंदरातून, म्हणून ही बातमी आपल्याला लांबची वाटायला नको. हा व्हायरस युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच पसरला होता. नेटवर्कमधला एक कॉम्प्युटर पडला की तिथले पासवर्ड चोरून तो अपडेट केलेल्या कॉम्प्युटरांतही घुसायचा. म्हणजे अपडेट केलं की सगळं झालं, असंही नाही.

सगळ्यांनी एकच सिस्टिम वापरण्याचा आणखी एक धोका १९ जुलै २०२४ ला दिसला. त्या दिवशी चोर कोणीच नव्हता. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचं सदोष अपडेट गेलं अन् जगातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळी स्क्रीन दाखवून बसले. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले.

मॅक, लिनक्सला काहीच होत नाही?

होतं. २०१२ मध्ये फ्लॅशबॅक नावाच्या व्हायरसने जगभरातले सहा लाखांच्या आसपास मॅक धरले होते. लिनक्सची गोष्ट जास्त सांगण्यासारखी आहे. लिनक्सचा कोड सगळ्यांना उघडा असतो, हजारो डोळे त्यावर असतात, म्हणून चोरी लपत नाही असं म्हणतात. पण एक्सझेड नावाच्या छोट्या भागात कुणीतरी दोनेक वर्षं विश्वास संपादन करून गुपचूप मागचा दरवाजा बसवला. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनियरला लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय याची शंका आली, तो खोदत गेला अन् ते उघडकीस आलं. तो स्वतः मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरीला! कोड उघडा होता म्हणून तो खोदू शकला, हे खरं. पण एका माणसाने तो अर्धा सेकंद मनावर घेतला म्हणून जग वाचलं, हेही तितकंच खरं.

तरी घरगुती वापरात लिनक्सवाल्याला त्रास कमी होतो, यात शंका नाही. आपल्या संरक्षण मंत्रालयाने २०२३ मध्ये कार्यालयांतलं विंडोज काढून उबुंटू लिनक्सवर आधारलेली 'माया' सिस्टिम बसवायचं ठरवलं. सी-डॅकची 'बॉस' ही भारतीय लिनक्स तर २००७ पासून आहे. केरळच्या सरकारी शाळांत मुलं वर्षानुवर्षं लिनक्सवरच शिकतात. आपल्याकडे कॉम्प्युटर शिकणं म्हणजे विंडोज शिकणं, हे समीकरण पक्कं बसलंय.

आपल्या घरातला खरा धोका : फोन

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात कॉम्प्युटर नाही, फोन आहे, अन् तो अँड्रॉइड आहे. बँक, आधार, मुलांची स्कॉलरशिप सगळं त्याच्यात. गर्दीचा नियम लावा : चोर इथेच येणार.

तो आलाही. २०२४ च्या लग्नसराईपासून पोलिस ज्या फसवणुकीचे इशारे देतायत ती लग्नपत्रिकेची आहे. व्हॉट्सॲपवर निकाहचा दावतनामा येतो, तोही ओळखीच्या नंबरवरून. उघडायला गेलं की ती पत्रिका नसते, एपीके फाइल असते, म्हणजे ॲप. फोन विचारतो, "अनोळखी ठिकाणचं ॲप बसवू का?" आपण घाईत हो म्हणतो. मग ते ॲप एसएमएस वाचायची परवानगी घेतं, बँकेचा ओटीपी चोराकडे पोहोचतो, खातं साफ. वर आपल्याच नंबरावरून तीच पत्रिका खाला, मामू, चाचा सगळ्यांना जाते. आरटीओचा दंड, पीएम किसानचा हप्ता या नावांनीही हाच प्रकार चालतो.

यात अँड्रॉइडमध्ये फट नव्हती. त्याने विचारलं होतं, आपण दार उघडलं. प्ले स्टोअरच्या बाहेरून ॲप घ्यायची मोकळीक अँड्रॉइड देतं; आयफोन आपल्याकडे देत नाही, म्हणून ही विशिष्ट चाल तिथे चालत नाही. आयफोनची ही बाजू भक्कम, मान्य. पण ओटीपी फोनवरून बोलून सांगितला तर आयफोन काय करणार? अन् पेगॅससने आयफोनही फोडले. काही वेळा तर मालकाने कुठेही बोट न लावता. ती फट ॲपलने सप्टेंबर २०२१ मध्ये बुजवली.

अँड्रॉइडची दुखरी नस वेगळी आहे. गूगल अपडेट काढतं, पण ते आपल्या फोनपर्यंत पोहोचवणं फोन बनवणाऱ्या कंपनीच्या हाती. स्वस्त फोनला अनेकदा दोन-तीन वर्षं अपडेट मिळतं, मग बंद. काही कंपन्या आता ठरावीक मॉडेलना सहा-सात वर्षांचं वचन देतात. दुकानदाराला कॅमेरा किती मेगापिक्सेल हे आपण विचारतो. सुरक्षा अपडेट किती वर्षं, हे विचारत नाही. सेटिंग्जमध्ये 'सिक्युरिटी अपडेट' समोर तारीख असते. ती वर्ष-दीड वर्ष जुनी असेल तर त्या फोनवर बँकेचं ॲप ठेवू नये. सेकंडहँड फोन घेताना तर ही तारीख आधी बघावी.

एक जागा अशी आहे की जिथे सिस्टिम कोणती याने फरकच पडत नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये मदरबोर्ड या अमेरिकी बातमीस्थळाने उघड केलं की नमाजच्या वेळा अन् किब्ला दाखवणाऱ्या मुस्लिम प्रो या ॲपमधून लोकांच्या ठावठिकाण्याची माहिती एक्स-मोड या कंपनीकडे जात होती, अन् एक्स-मोडचे ग्राहक अमेरिकी लष्कराचे कंत्राटदार होते. सुमारे ९.८ कोटी वेळा डाउनलोड झालेलं ॲप. लष्कराला थेट माहिती विकल्याचं कंपनीने नाकारलं, पण एक्स-मोडशी संबंध तोडले. किब्ल्यासाठी ठिकाण लागतंच; ती परवानगी 'ॲप वापरतानाच' एवढीच द्यावी. हज सुविधा ॲपही स्टोअरमधूनच घ्यावं, ग्रुपवर आलेल्या फाइलीतून नाही.

फसवणूक झालीच तर लाजत बसू नये. १९३० वर ताबडतोब फोन करावा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता येतात, म्हणून पहिले काही तास फार महत्त्वाचे.

उर्दूवाल्यांचं विंडोज अन् पायरेटेड कॉपी

उर्दू छपाईत काम केलेल्यांना इनपेज माहीत असेल. १९९४ मध्ये दिल्लीच्या एका कंपनीने काढलेल्या या सॉफ्टवेअरने नस्तालीक कॉम्प्युटरवर आणलं, कातिबांचं काम पडद्यावर आलं. पण ते फक्त विंडोजवर चालायचं, म्हणून उर्दू अखबार, मदरसे, लग्नपत्रिका छापणारे सगळे विंडोजला बांधले गेले. नोव्हेंबर २०१६ मध्ये कॅस्परस्कीने जाहीर केलं की इनपेजमधली फट वापरून बँका अन् सरकारी संस्थांवर हल्ले होतायत. इनपेजची फाइल पाठवायची, उघडली की काम तमाम. जगाच्या हिशेबात एवढंसं सॉफ्टवेअर, पण उर्दू वाचणाऱ्यांपर्यंत पोहोचायचं तर चोराला तेच दार सोपं होतं. गर्दी छोटी असली तरी चोराला हवी तीच असेल, तर तो येतो.

आता ती सक्ती राहिलेली नाही. गूगलने २०१४ मध्ये नोटो नस्तालीक हा मोफत फॉन्ट दिला, आयफोनवर २०१७ पासून उर्दू नस्तालीकमध्ये दिसते. लिनक्सवर लिब्रेऑफिसमध्ये मराठी अन् उर्दू दोन्ही टाइप होतं.

पायरेटेड विंडोजबद्दल थोडं स्पष्ट बोलू. दुकानदार 'ॲक्टिव्हेट' करून देतो तेव्हा जे टूल वापरलं जातं त्यातच अनेकदा व्हायरस असतो. शिवाय ती चकवाचकवी पकडली जाऊ नये म्हणून काही जण अपडेटच बंद करून ठेवतात. दुसरी बाजू हक्काची आहे. ओआयसीच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने डिसेंबर १९८८ मध्ये कुवेतच्या बैठकीत ठराव केला की लेखन, शोध अशा बौद्धिक हक्कांना शरिअतमध्ये संरक्षण आहे अन् त्यांचं उल्लंघन जायज नाही. मुलांना "दुसऱ्याची वस्तू विचारल्याशिवाय घेऊ नको" सांगतो, अन् त्यांचाच लॅपटॉप चोरीच्या विंडोजवर सुरू करतो. लिनक्सची कॉपी करायला, वाटायला त्याचा परवानाच मुभा देतो.

मग जुन्या लॅपटॉपचं काय?

विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप अन् साधारण २०१८ नंतरचा प्रोसेसर लागतो, म्हणून जुने लॅपटॉप अडतात. भंगारात घालायची गरज नाही. विंडोज अस्सल असेल तर घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव अपडेट घेता येतं. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन-इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला तर पैसेही लागत नाहीत. सेटिंग्जमधल्या 'विंडोज अपडेट'च्या पानावर त्याची लिंक येते.

त्यानंतर किंवा आत्ताच, लिनक्स मिंट. ४ जीबी रॅमवर ठीक चालतं. आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघावं, हार्डडिस्कला हात लागत नाही. वायफाय, आवाज, प्रिंटर चालतो का ते कळतं. स्कॉलरशिपचे फॉर्म, यूट्यूब, ऑनलाइन वर्ग ब्राउझरमध्येच असल्याने अडचण येत नाही. अडतं ते टॅली, इनपेज अन् काही अंगठ्याच्या मशीनपाशी. ज्यांचं पोट त्यावर चालतं त्यांनी एक यंत्र विंडोजचं ठेवावं, अपडेट येणारं. अन् काहीही करण्याआधी निकाहचे फोटो, दाखले अन् मुलांच्या मार्कशीट वेगळ्या हार्डडिस्कवर उतरवून ती डिस्क काढून कपाटात ठेवावी. जोडलेली राहिली तर वॉनाक्रायसारखा व्हायरस तिलाही कुलूप लावतो.