बांधकामपूर्व पुरातत्त्वीय पाहणी (मानखुर्द परिसर)

इमारत, रस्ता, पूल किंवा धरण यांचे काम सुरू होण्यापूर्वी त्या जागेतील प्राचीन अवशेषांचा शोध घेऊन त्यांची रीतसर नोंद करणे, आणि अवशेष जागेवर राखता येत नसल्यास ते नाहीसे होण्याआधी उत्खनन करणे, याला बांधकामपूर्व पुरातत्त्वीय पाहणी म्हणतात. यातील उत्खननास बचाव-उत्खनन अशी संज्ञा आहे. इंग्लंडमध्ये १९९० च्या नियोजनविषयक मार्गदर्शिकेनंतर हा खर्च विकासकाने सोसावा अशी पद्धत रुळली. भारतात मात्र अशी कामे मुख्यतः धरणांच्या निमित्ताने झाली. नागार्जुनसागराच्या पाण्याखाली जाणाऱ्या नागार्जुनकोंड्याचे उत्खनन १९५४ पासून हाती घेण्यात आले, तर बुलढाणा जिल्ह्यात जिगाव प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रातील भोन येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननात विटांचा स्तूप व भाजक्या मातीच्या कड्यांच्या विहिरी उजेडात आल्या.

मुंबईत क्रम बहुधा उलटा राहिला आहे. आधी कुदळ पडली आणि मग अवशेष दिसले. १८८० मध्ये खुल्या झालेल्या प्रिन्सेस गोदीच्या खोदकामात भरतीच्या पातळीच्या बऱ्याच खाली गाडले गेलेले जंगल लागले आणि त्यातील ३८२ झाडांची मोजदाद झाली, त्यांपैकी २२३ उभी होती. किनाऱ्याची जमीन खचल्याचा हा ठळक पुरावा होय. परळची सात आकृत्यांची प्रसिद्ध शिवप्रतिमा १९३१ मध्ये रस्त्याच्या कामात मिळाली. कांदिवलीजवळच्या थरांतून अश्मयुगीन हत्यारे गोळा करून टॉड या नौदल अधिकाऱ्याने १९३९ मध्ये त्यांवर निबंध प्रसिद्ध केला. पुढे तो भाग वस्तीखाली गेला.

कायद्याचे संरक्षण अपुरे आहे. १९५८ च्या प्राचीन स्मारकविषयक कायद्यातील २०१० च्या दुरुस्तीने संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई व त्यापुढील २०० मीटरपर्यंत नियंत्रण घातले. परंतु जे अद्याप सापडलेलेच नाही, त्याच्याभोवती असे वर्तुळ आखता येत नाही, आणि बचाव-उत्खननाची खरी गरज नेमकी तेथेच असते.

मानखुर्द हे पूर्वीच्या तुर्भे (ट्रॉम्बे) बेटाच्या बाजूचे खाडीकाठचे गाव असून, तिवरे, मिठागरे आणि गावठाण अशी त्याची जुनी रचना होती. वाशीकडे जाणारा महामार्ग, १९९२ मध्ये खाडीपार झालेला लोहमार्ग, पुनर्वसन वसाहती आणि मंडाळे येथील मेट्रो आगार यांनी ती पालटली. शेजारच्या देवनार येथे हंबीरराव या राजाच्या काळातील चौदाव्या शतकाचा शिलालेख मिळालेला असल्यामुळे या पट्ट्यात मध्ययुगीन वस्ती होती, याविषयी शंका उरत नाही. मुंबई विद्यापीठाचा बहिःशाल शिक्षण विभाग, साठये महाविद्यालय आणि इंडिया स्टडी सेंटर यांनी २०१५ पासून साष्टी परिसरात पायी सर्वेक्षण केले. त्यात वीरगळ, मंदिरांचे सुटे भाग आणि गधेगाळ, म्हणजे दान मोडणाऱ्यास शाप देणारे, गाढवाचे चित्र कोरलेले दगड, यांच्या नोंदी झाल्या. असे दगड अनेकदा गावदेवीच्या पारावर शेंदूर फासलेले आढळतात. पुनर्विकासात पार हलला की दगडाचे मूळ स्थान कळण्याचा मार्गही जातो.

देशावर जुन्या वस्तीची जागा पांढरीच्या, म्हणजे वस्तीच्या पांढुरक्या मातीच्या, टेकाडावरून ओळखू येते. मानखुर्दसारख्या भराव घातलेल्या जमिनीत तशी खूण मिळत नाही. वर राडारोडा, त्याखाली मिठागराचे बांध, त्याखाली खाडीचा करडा चिखल आणि तळाशी मुरूम किंवा खडक असे थर असल्यामुळे केवळ वरवर फिरून केलेली पाहणी निष्फळ ठरते. येथे जुने महसुली नकाशे गावठाणाच्या हद्दीवर बसवून पाहणे, गावठाणात दोन-तीन चाचणी खड्डे घेणे आणि पायाच्या तपासणीसाठी कंत्राटदार काढत असलेले मातीचे नमुने अभ्यासकांना उपलब्ध करून देणे, ही पद्धत अधिक उपयुक्त ठरते. यांतील शेवटच्या उपायाला फारसा खर्च येत नाही, तरीही तो बंधनकारक करणारा नियम नाही. मात्र जमिनीत दडवलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवण्याचे बंधन १८७८ च्या निखात निधी कायद्याने ती शोधणाऱ्यावर घातले आहे.