लग्न खरे, पण पुरावा काय? पती-पत्नी व्हिसाचा इतिहास

१/ बारामती-इंदापूर भागातून लग्नानंतर परदेशी निघालेल्या मुलीच्या फाइलीत साधारण काय असते? पासपोर्ट, लग्नपत्रिका, मांडवातले फोटो, विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र आणि नवऱ्याच्या नोकरीची पत्रे. शेकडो वऱ्हाडींच्या साक्षीने लागलेले लग्न मुंबईच्या एखाद्या वकिलातीच्या खिडकीपाशी पुन्हा सिद्ध करावे लागते. ‘ही याची बायको कशावरून?’ हा प्रश्न सरकारे कधीपासून विचारू लागली आणि त्यापायी कोणी तुरुंगवास भोगला, याचा हा इतिहास. (थ्रेड)

२/ एके काळी हा प्रश्नच नव्हता. ७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या, तेव्हा त्यांचे वय १८ होते. पती गोपाळराव मागाहून गेले आणि मार्च १८८६ मध्ये आनंदीबाईंना वैद्यकीय पदवी मिळाली तेव्हा ते तिथे हजर होते. आजच्या अर्थाने व्हिसा तेव्हा अस्तित्वात नव्हता. अमेरिकेने १८८२ मध्ये चिनी मजुरांना दार बंद केले होते. हिंदुस्थानातून येणाऱ्यांसाठी ते अद्याप उघडे होते.

३/ पासपोर्टची सक्ती रुळली ती पहिल्या महायुद्धामुळे. हिंदुस्थानात पासपोर्टचा कायदा १९२० मध्ये झाला. पण ‘बायको’ शब्दाचा अर्थ काय, हा वाद त्याआधीच दक्षिण आफ्रिकेत पेटला होता. १८६० पासून नाताळमध्ये हिंदी मजूर करारावर नेले जात होते. त्यांच्या मागोमाग व्यापारीही गेले. पुढे नव्या हिंदी माणसांना बंदी झाली. मात्र तिथे आधीपासून राहणाऱ्याची पत्नी व अज्ञान मुले यांना येता येत असे. साहजिकच सारे काही ‘पत्नी कोण?’ या एका प्रश्नावर येऊन ठेपले.

४/ १४ मार्च १९१३. केप प्रांताच्या न्यायालयात न्यायमूर्ती सर्ल यांनी बाई मरियम यांच्या प्रकरणात निकाल दिला. त्यांचा पती तिथला रहिवासी होता आणि विवाह मुस्लिम पद्धतीने झालेला होता. ज्या धर्मात बहुपत्नीत्वाला मुभा आहे, त्या धर्माच्या विधीने झालेला विवाह येथील कायद्याला मान्य नाही, म्हणून पत्नी या नात्याने प्रवेश मिळणार नाही, असा त्या निकालाचा अर्थ होता. पतीने दुसरे लग्न केले आहे की नाही, याला महत्त्वच उरले नाही.

५/ निकाल एका स्त्रीविषयी होता, पण तडाखा सगळ्यांना बसला. हिंदू आणि मुसलमान या दोहोंची लग्ने या एकाच तर्काने संशयास्पद ठरत होती. प्रवेशाचा हक्क तर गेलाच, शिवाय मुलांचे औरसपण आणि वारसाहक्क यांवरही सावट आले. वर्षानुवर्षे संसार केलेल्या बायका कायद्याच्या नजरेत कोणीच नव्हत्या.

६/ या लढ्याचा एक धागा पुण्यापर्यंत येतो. गोपाळ कृष्ण गोखले ऑक्टोबर-नोव्हेंबर १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेचा दौरा करून आले होते. करार संपलेल्या हिंदी मजुरांवर लादलेला तीन पौंडांचा कर रद्द होईल, असे आश्वासन तेथील मंत्र्यांच्या भेटीत मिळाल्याची त्यांची समजूत होती. पुढे सरकारने असे वचन दिल्याचे नाकारले. मोडलेला शब्द आणि अमान्य ठरलेली लग्ने, अशी दोन्ही गाऱ्हाणी १९१३ मध्ये एकत्र आली.

७/ तोवर गांधीजींनी स्त्रियांना तुरुंगवासापासून दूर ठेवले होते. आता अपमान थेट त्यांचाच होता. १५ सप्टेंबर १९१३ रोजी फिनिक्स आश्रमातून १६ जणांची तुकडी परवान्याशिवाय ट्रान्सवालची सीमा ओलांडण्यास निघाली. तिच्यात कस्तुरबांसह चार स्त्रिया होत्या. त्यांना तीन महिने सक्तमजुरीची शिक्षा झाली. पत्नीपणाच्या मान्यतेसाठी स्त्रियांनी स्वतः तुरुंगात जावे, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

८/ दुसऱ्या बाजूने तमिळ स्त्रियांनी न्यूकॅसलच्या कोळसाखाणींतल्या मजुरांना संपाची हाक दिली आणि हजारो मजूर कामावरून उतरले. तुरुंगात आजारी पडलेली वल्लिअम्मा ही कोवळी मुलगी सुटकेनंतर थोड्याच दिवसांत, फेब्रुवारी १९१४ मध्ये, वारली. इकडे गोखले मधुमेहाने खंगलेले असूनही देशभरातून निधी उभा करीत होते. सी. एफ. अँड्र्यूज व पिअर्सन यांना आफ्रिकेला पाठवण्यामागेही तेच होते.

९/ अखेर १९१४ चा ‘इंडियन रिलीफ अ‍ॅक्ट’ आला. तीन पौंडांचा कर गेला. हिंदी धर्मविधीने झालेल्या विवाहांना मान्यतेची वाट मिळाली, पण एकाच पत्नीपुरती. विवाह लावण्यासाठी हिंदी धर्मांचे पुरोहित अधिकारी म्हणून नेमण्याची आणि झालेल्या लग्नांची नोंद करून घेण्याची सोयही झाली. विजय मोठा होता. मात्र यापुढे लग्नाला सरकारी नोंदीचा टेकू लागणार, हेही त्यातच ठरून गेले.

१०/ पुढची गोष्ट ब्रिटनची. १९६९ पासून तिथल्या रहिवाशाकडे जाणाऱ्या पत्नीला मायदेशातूनच प्रवेश-दाखला घेणे सक्तीचे झाले. वाग्दत्त वधूला मात्र तो लागत नसे. त्यामुळे ‘वाग्दत्त’ म्हणून येणारी मुलगी प्रत्यक्षात विवाहित असावी, असा संशय अधिकारी घेत. जानेवारी १९७९ मध्ये लग्नासाठी हीथ्रो विमानतळावर उतरलेल्या एका भारतीय शिक्षिकेची याच संशयावरून कौमार्य चाचणी करण्यात आली. बातमी फुटताच दोन्ही देशांत संताप उसळला आणि ती प्रथा बंद करावी लागली.

११/ पाठोपाठ १९८० मध्ये ‘प्रायमरी पर्पज’चा नियम आला. लग्नाचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये येणे हा नाही, हे अर्जदाराने सिद्ध करायचे. नसलेला हेतू सिद्ध करायचा तरी कसा? याची झळ प्रामुख्याने भारतीय उपखंडातल्या पतींना लागली. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या तीन स्त्रियांनी आपल्या पतींना प्रवेश नाकारल्याबद्दल स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात दाद मागितली. २८ मे १९८५ रोजी न्यायालयाने हा स्त्री-पुरुष भेदभाव असल्याचे मान्य केले. सरकारने भेदभाव मिटवला खरा, पण पतींचे नियम सैल करण्याऐवजी पत्नींचेही नियम तितकेच कडक केले! हा नियम गेला तो जून १९९७ मध्ये.

१२/ तरीही अटी संपल्या नाहीत. २०१० पासून ब्रिटनमध्ये येणाऱ्या जोडीदाराला प्राथमिक इंग्रजीची परीक्षा लागू झाली. जर्मनीने जर्मन भाषेची अट २००७ मध्येच घातली होती. २०१२ मध्ये ब्रिटनने बोलावणाऱ्या जोडीदारासाठी वार्षिक १८,६०० पौंड उत्पन्नाची मर्यादा ठेवली आणि एप्रिल २०२४ मध्ये ती २९,००० वर नेली. संशय हेतूवरून उठून पगारावर येऊन बसला.

१३/ अमेरिकेने १९१७ मध्ये हिंदुस्थानसह आशियाच्या मोठ्या भागाला दार लावले. १९४६ मध्ये ते किलकिले झाले, वर्षाला १०० जणांपुरते. १९६५ च्या कायद्याने ते खऱ्या अर्थाने उघडले. १९७० च्या दुरुस्तीत तात्पुरत्या नोकरीसाठी आलेल्यांच्या पती-पत्नी व मुलांसाठी वेगळा वर्ग झाला. तोच आपल्याकडे घरोघरी ठाऊक झालेला ‘एच-४’. त्यावर राहता येई, शिकता येई. कमावता येत नसे. २६ मे २०१५ पासून त्यातल्या काहींना काम करण्याची परवानगी मिळाली. ज्यांच्या जोडीदाराचे ग्रीन कार्डाचे प्रकरण ठरावीक टप्प्यापर्यंत पोचले आहे, त्यांनाच.

१४/ दोष फक्त परक्यांना देऊन चालणार नाही. आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात भारतीयाशी लग्न केल्यामुळे नोंदणीने नागरिकत्व मिळण्याची सोय केवळ स्त्रियांना होती. भारतीय स्त्रीच्या परदेशी पतीला ती वाट नव्हती. ‘स्त्रिया’ऐवजी ‘व्यक्ती’ हा शब्द १९८६ मध्ये आला. आपल्या बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत पियाजिओ आणि फेरेरो या इटालियन कंपन्यांचे कारखाने आहेत. तिथे नोकरीला आलेल्या परदेशी अधिकाऱ्याची पत्नी ‘एन्ट्री’ व्हिसावर राहिली, तर तिलाही इथे नोकरी करता येत नाही. आपल्या लेकी तिकडे जे सोसतात, तेच नियम आपण इकडे लावतो.

१५/ आता घरचा कागद. हिंदू विवाह कायद्यानुसार नोंदणी झाली नाही म्हणून लग्न अवैध ठरत नाही. पण परदेशी खिडकीला सप्तपदी दिसत नाही. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याने विवाह नोंदणीची यंत्रणा गावापर्यंत आली. ग्रामसेवकाकडे ९० दिवसांच्या आत नोंद करायची. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सर्वधर्मीय विवाहांची नोंद सक्तीची करण्याचे निर्देश राज्यांना दिले. ज्या जोडप्यांच्या लग्नाला वीस-पंचवीस वर्षे झाली आणि नोंद कधीच झाली नाही, त्यांची धावपळ नातवंडे बघायला निघताना होते.

१६/ दुसरी अडचण नावाची. आपल्याकडे लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवे नाव लिहितात. पासपोर्टवर माहेरचे नाव, प्रमाणपत्रावर सासरचे, पत्रिकेत तिसरेच! मग राजपत्रात नावबदल छापून आणा, प्रतिज्ञापत्र करा. ‘अपोस्टिल’चा शिक्का २००५ मध्ये भारत त्या आंतरराष्ट्रीय करारात सामील झाल्यापासून मिळतो, पण तो कागदावरची सही खरी आहे एवढेच सांगतो. कागदातली चूक तो दुरुस्त करीत नाही.

१७/ या इतिहासात एक गोष्ट फारशी बदललेली नाही. जोडीदाराच्या आधाराने मिळालेला निवास त्या जोडीदाराच्या हातात राहतो. त्याची नोकरी गेली किंवा नाते तुटले, की राहण्याचा हक्कही डळमळतो. घरात मारहाण होत असली तरी ‘परत पाठवतील’ या भीतीने अनेकजणी गप्प राहतात. ब्रिटनने २००२ मध्ये अशा पीडित जोडीदारांना स्वतंत्रपणे कायमचा निवास मागण्याची तरतूद नियमांत घातली. अशी वाट प्रत्येक देशात नाही. आपण जिथे जातो तिथे ती आहे का, हे निघण्यापूर्वी विचारून घ्यावे.

१८/ म्हणून सांगणे एवढेच. नोंदणी वेळेत करा, नावे सगळीकडे एकसारखी ठेवा आणि मुलीचा पासपोर्ट, पदवीपत्रे व विवाह प्रमाणपत्राची प्रत तिच्या स्वतःच्या ताब्यात असू द्या. १९१३ मध्ये स्त्रिया तुरुंगात गेल्या त्या ‘आम्ही पत्नी आहोत’ हे मान्य व्हावे म्हणून. ती मान्यता मिळाली. ‘पत्नी असले तरी मी माझ्या पायावर उभी आहे’, हे व्हिसाच्या कागदावर उमटणे मात्र अजून पुष्कळ ठिकाणी बाकी आहे.

(थ्रेड समाप्त. तुमच्या घरातल्या आजी-आत्या-मावशींच्या अशा प्रवासाच्या आठवणी असतील, तर खाली जरूर लिहा.)